भिंतीआडची टाकी

आमच्या संडासातली पाण्याची टाकी दिसत नसे. ती भिंतीच्या आत होती. बाहेर फक्त एक चकचकीत दांडा, तो खाली दाबला की आत गडगड होऊन पाणी सुटायचं. नवा पाहुणा आत जाऊन वर साखळी शोधायचा आणि मग दाराआडून विचारायचा, "अहो, पाणी कसं सोडायचं?" बाबा बाहेरून खुशीत ओरडायचे, "दांडो दाब, दांडो!"

ती टाकी बाबांनीच बसवली होती. ते परळच्या एका गिरणीत फिटर होते. संपात गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही, आणि कुणाच्या तरी ओळखीने ते जुहूच्या एका हॉटेलात देखभालीच्या कामाला लागले. तिथल्या खोल्यांमध्ये त्यांनी ही भिंतीआड दडवलेली टाकी पाहिली. चाळीत आम्ही डबा घेऊन रांगेत उभं राहिलेली माणसं. बोरिवलीला एक खोली-स्वयंपाकघर झालं, त्यात स्वतःचा संडास मिळाला, तर डोक्यावर लोखंडी टाकी. तिला घाम फुटायचा आणि गंजाचे थेंब मानेवर पडायचे. एका मे महिन्यात आई आणि मी लग्नासाठी गावी गेलो होतो. परत आलो तर लोखंडी टाकी गायब. त्या जागी छातीच्याही वर गेलेली एक जाड भिंत, तिच्यावर पांढऱ्या चौकोनी लाद्या, मध्ये तो दांडा. वरच्या बाजूला कपडे अडकवायला तीन खुंट्यांची लाकडी पट्टी.

आईने हात लावून पाहिलं आणि विचारलं, "बिघाडली तर?"

"मी आसंय मा," बाबा म्हणाले.

तेव्हा कुणी आणखी काही विचारलं नाही. टाकी आतून कशी आहे, भिंत कुठून उघडते, उघडते की नाही, हे फक्त त्यांनाच माहीत होतं.

दोनेक वर्षांनी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या उजव्या हातातला वस्तरा बेसिनमध्ये पडला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलला, आरशात बघितलं आणि काहीतरी बोलले. ते बोलणं मला कळलं नाही. मी म्हणाले, "काय बाबा?" ते पुन्हा बोलले, तेही कळलं नाही. मग ते खाली बसले. बसले म्हणजे उजवा पाय खालून निघून गेल्यासारखे कलले. अर्धांगवायूचा झटका. तीन आठवड्यांनी इस्पितळातून घरी आणलं तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेलेली होती. एक शब्द उरला होता, 'नाय'. तोच सगळ्याला. भूक लागली का? नाय. दुखतंय का? नाय. "नाय" म्हणत ताटाकडे डावा हात करायचे आणि जेवायचे. पंखा लावू का म्हटलं तरी नाय, बंद करू का म्हटलं तरी नाय. डोकं शाबूत आहे, सगळं समजतं, असं डॉक्टर म्हणाले. फक्त बाहेर येताना एवढाच शब्द येतो.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टायपिस्ट होते. बाबांना झटका आल्यापासून मला काही होत नव्हतं. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. इस्पितळात मामा रडले, आत्या रडली, आई तर भिंतीला डोकं लावून बसली. मी खिडकीच्या गजांवरचा रंग कुठे कुठे उडालाय ते बघत होते. कामावर गेले, पत्रं टाइप केली, चुकाही झाल्या नाहीत. दुपारी डबा रिकामा व्हायचा. शेजारच्या टेबलावरची एकदा म्हणाली, "आज भेंडी मस्त होती गं," आणि मला आठवेना की मी भेंडी खाल्ली. एकदा संध्याकाळी बोटावर पाण्याचा फोड दिसला. कशाने भाजलं ते आठवेना. सगळे म्हणायचे, पोरगी खंबीर आहे. मी मान हलवायचे.

त्या दिवसांत एका शनिवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. खुर्चीवर नीट बसल्याही नाहीत.

"अगं, बोलू की नको असं महिनाभर चाललंय माझं," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात आधीच हे असं. पण आता संडासात छत्री घेऊन बसायची पाळी आली. आणि आज ओल स्वयंपाकघराच्या भिंतीत उतरली."

मी त्यांच्याबरोबर खाली गेले. त्यांच्या संडासाच्या छताला तांबूस ओलीचा मोठा डाग धरला होता आणि त्यातून टप, टप पाणी पडत होतं. खाली बादली ठेवलेली होती. ती अर्धी भरली होती. मी म्हणाले, "बघते काकू." वर येऊन आमच्या भिंतीला कान लावला. आत बारीक सरसर ऐकू येत होती. ती किती दिवस चालली होती कोण जाणे. रोज दोनदा-तीनदा मी तिथे जात होते आणि मला ती ऐकू आली नव्हती.

रविवारी सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवरचा व्हॉल्व बंद केला. आमच्या बाजूच्या चारही मजल्यांच्या संडासांना तिथूनच पाणी यायचं. त्यामुळे सगळ्यांच्याच बादल्या सुरू झाल्या. जिन्यात कुणीतरी कुणाला सांगत होतं, "फिटरकाकांच्या घरी लीक आहे." प्लंबर आला. चाळिशीचा, दहिसरहून येणारा माणूस, हातात कापडी पिशवी. त्याने छिन्नीच्या मागच्या टोकाने लाद्या ठोकून पाहिल्या. सगळीकडून एकच पोकळ आवाज.

"ताई, हे काय करून ठेवलंय?" तो म्हणाला. "टाकी आत, कॉक पण आत. उघडायचं कुठून?"

"माहीत नाही."

"ज्याने केलं त्याला विचारा ना."

मी बाहेरच्या खोलीकडे बोट केलं. बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. प्लंबरने त्यांच्याकडे पाहिलं, लुळ्या हाताकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "मग तोडावं लागेल. तीन फूट तरी."

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि संडासाच्या दारात उभी राहिली. "फोडूचा नाय."

"मावशी, मग पाणी कसं थांबणार?"

"तेंनी एकेक लादी आपल्या हातान बसवलेली हा. मी फोडूक देवचंय नाय."

"आई, खाली काकूंच्या डोक्यावर पाणी पडतंय," मी म्हणाले. "चार मजले बादल्या ओततायत."

"ओतू देत." तिने दाराची चौकट धरली. इस्पितळात सहीसुद्धा माझ्याकडून करून घेणारी माझी आई. तिला असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. प्लंबरने माझ्याकडे बघितलं. मला खरंच दोन्ही चाललं असतं. भिंत फोडली असती तरी, नसती फोडली तरी.

"मी दुपारी येतो," तो पिशवी उचलत म्हणाला. "तोवर ठरवा. छिन्नी इथेच ठेवतो."

तो गेल्यावर आई म्हणाली, "तेंका इचार."

"काय विचारू? ते नाय म्हणणार."

"इचार तरी."

आम्ही दोघींनी बाबांना जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची ओढत संडासाच्या दारापर्यंत नेली. उजवा पाय मागे फरपटत होता, तो मी उचलून धरला. दारातून खुर्ची आत जाईना, म्हणून ते उंबऱ्याशीच बसले. मी आत जाऊन उभी राहिले.

"बाबा, टाकी गळते. खाली काकूंकडे पाणी जातंय. ही भिंत कुठून उघडते?"

"नाय," बाबा म्हणाले.

मी लादीवर हात ठेवला. "इथून?"

"नाय."

"इथून? वरून?"

"नाय. नाय." त्यांनी डावा हात उचलून माझ्या खांद्यावरून दाखवलं. तिथे खुंटीला त्यांचा पंचा अडकवलेला होता. मी तो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो जमिनीवर टाकला. मला वाटलं तोंड पुसून हवंय. मी पंचा झटकला, ओला केला, त्यांचं तोंड पुसलं. पुसून होईपर्यंत ते डोळे मिटून गप्प राहिले, आणि मग पुन्हा हात वर. "नाय!" आता त्यांचा चेहरा लाल झाला होता. खुर्चीच्या दांडीवर ते डाव्या हाताची मूठ आपटायला लागले. झटक्यानंतर त्यांना मध्येच रडू यायचं, कारण असो नसो. तसंच आताही आलं. डोळ्यांतून पाणी आणि तोंडाने नाय, नाय.

"तेंका आत जावचा आसतला," आई म्हणाली. "उचल."

तसं नव्हतं. पण मी उचललं. एका बगलेत आई, एका बगलेत मी, तिघं त्या अरुंद जागेत आडवेतिडवे शिरलो. त्यांना दाराकडे तोंड करून वळवायचं होतं. वळवता वळवता त्यांच्या डाव्या हाताने वरची खुंट्यांची पट्टी पकडली आणि सोडेना.

"सोडा बाबा. पडाल."

"नाय."

"सोडा म्हणते ना!" मी त्यांची बोटं सोडवायला गेले. बोटं घट्ट होती. डावा हात त्यांचा आधीपासून बळकट, आणि आता तर सगळा जोर त्यातच आला होता. ते ओढत होते. मला वाटलं आधारासाठी ओढतायत. मग पट्टीच्या कडेचा रंग तडकला. पट्टीखालच्या दोन लाद्यांच्या मधे एक काळी रेघ उमटली, केसाएवढी.

मी आईला म्हणाले, "खुर्ची आण."

बाबांना पुन्हा उंबऱ्याशी बसवलं. पट्टीच्या दोन टोकांना दोन स्क्रू होते, पांढऱ्या रंगाखाली बुजलेले. खाटेखालून बाबांची हत्यारांची पेटी ओढली. वरच त्यांचा लाकडी मुठीचा पेचकस होता. नखाने रंग खरवडला, स्क्रू फिरवले. दुसरा स्क्रू निघाला तशी पट्टीसकट नऊ लाद्यांची अख्खी फळी माझ्या अंगावर आली. सिमेंटच्या पत्र्यावर लाद्या चिकटवलेल्या होत्या, आणि कडांच्या फटी सिमेंटऐवजी नुसत्या लांबीने, रंगारी भरतात त्या पुट्टीने, बुजवून वर रंग मारला होता. आईने खालून धरली म्हणून फुटली नाही. आतून कोंदट वास आला आणि दोन-तीन झुरळं धावली.

आत प्लास्टिकची टाकी होती. बाजूला, हाताला सहज येईल असा, पाण्याचा कॉक. तो मी बंद केला. टाकीखाली मोठा नट, आणि नटाच्या कडेने थेंब धरत होता, वाढत होता, पडत होता. पाइपला सुतळीने दोन रबरी वायसर बांधून ठेवलेले होते. बाबांनीच ठेवलेले, पुढे लागतील म्हणून. एक सुकून चिरलेला होता. दुसरा मी दाबून पाहिला, तो ठीक वाटला.

आईने खिडकीतून खाली ओरडून सेक्रेटरींना सांगितलं की आमचा कॉक सापडला, वरचा व्हॉल्व सोडा. थोड्या वेळाने शेजारच्या संडासात पाणी धो धो सुटल्याचा आवाज आला, मग वरच्या मजल्यावर, मग खालच्या.

प्लंबरची वाट बघायला हरकत नव्हती. मी बघितली नाही. का, ते सांगता येणार नाही. पेटीतला पाना हातात होता आणि बाबा उंबऱ्यावर बसून बघत होते, एवढंच. नट धरला आणि जोर लावला. हलेना.

"नाय," बाबा म्हणाले.

मी आणखी जोर लावला.

"नाय!"

मी मागे वळून पाहिलं. ते डाव्या हाताने हवेत काहीतरी पिळत होते, उलट्या बाजूला. खालून धरलेला नट कुठल्या बाजूला सुटतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी पाना फिरवून लावला. बाबा गप्प राहिले. पहिल्या झटक्याला कुर्र झालं, दुसऱ्याला नट सुटला, आणि टाकीच्या तळाशी उरलेलं सगळं पाणी माझ्या कोपरावरून थेट ब्लाऊजमध्ये गेलं. गार पाणी. मी तशीच उभी राहिले. बाबा हसायला लागले. झटक्यानंतर त्यांचं हसूही रडण्यासारखंच यायचं, मध्येच आणि न थांबणारं. आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते दिसत होतं. हसू मात्र आलं नाही.

जुना वायसर हातात घेतला तर त्याचे तुकडे झाले. जागा फडक्याने पुसून नवा बसवला. पेटीत पाइप जोडताना लावायच्या सफेद्याचा डबा होता, वरून घट्ट झालेला, आत मऊ. तो पाइपच्या आट्यांना लावून वर धागा गुंडाळला. मी धागा उलटा गुंडाळत होते तेव्हा नाय ऐकू आलं. सुलटा गुंडाळला तेव्हा काही ऐकू आलं नाही. बाबांशी बोलायची ही रीत तीन महिन्यांत मला सुचली नव्हती. त्यांना हो म्हणता येत नव्हतं, पण गप्प बसता येत होतं.

कॉक सोडला. टाकी भरायला लागली. भरल्यावर नटाच्या कडेला पुन्हा एक थेंब आला. आणखी पाव फेरा आवळला. मग नाही आला. आम्ही तिघं बराच वेळ त्या नटाकडे बघत होतो. आईची डाळ लागल्याचा वास आला तेव्हा ती धावली.

दुपारी प्लंबर आला. उघड्या भिंतीत हात घालून त्याने नटाखाली तळवा धरला, मग तो कोरडा तळवा बघितला. "कोणी केलं?"

"तेंनी," आई म्हणाली.

प्लंबर बाबांच्या खाटेपाशी गेला. "काका, गिरणीत होता काय?"

"नाय," बाबा म्हणाले.

"होते," आई म्हणाली. प्लंबर हसला. त्याने आणि मी मिळून फळी पुन्हा बसवली, स्क्रू आवळले. लांबी भरू नका म्हणाला, उगाच पुन्हा खरवडायला लागेल. छिन्नी पिशवीत टाकून तो गेला.

कपडे बदलून मी खाली काकूंना सांगायला गेले. दोघी त्यांच्या छताकडे बघत उभ्या राहिलो. एक थेंब पडला.

"अजून पडतंय गं," काकू म्हणाल्या.

"मुरलेलं पाणी आहे. आठ दिवस लागतील म्हणाला प्लंबर." तीन आठवडे लागले.

त्यांनी बसवून पोहे दिले. मी खाल्ले. बशी ठेवली तेव्हा त्यांनी विचारलं, "कशी आहेस तू?"

"झालं बंद. नवीन वायसर टाकला."

"ते नाही विचारलं मी."

मी बशी उचलून मोरीत विसळली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, चहा टाकायला उठल्या. वर आले तेव्हा आई बाबांना भरवत होती. डाळीला करपल्याचा वास होता, बाबा मुकाट्याने गिळत होते.

पुढे आईने एक नवीनच सुरू केलं. घरात जे बिघडेल ते ती बाबांच्या पुढ्यात आणून ठेवायची. गळका नळ, टेबलफॅन, पिठाच्या डब्याचं बसत नसलेलं झाकण. रविवारी सकाळी सगळी इमारत टीव्हीसमोर असायची आणि आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसायचो. ते डाव्या हाताने वस्तू धरायचे, मी पेचकस फिरवायचे, चुकले की नाय. काही दुरुस्त व्हायचं, काही नाही. मी ते कामावरच्या टायपिंगसारखंच करत होते.

इस्त्रीचं मात्र जमेना. तीन रविवार आम्ही ती उघडली आणि मिटली. आत कुठलीशी तार तुटलेली होती, ती जोडली की पुन्हा सुटायची. तिसऱ्या रविवारी बाबा दमून खुर्चीतच झोपले. मी स्क्रू वाटीत ठेवले आणि इस्त्री उघडीच कपाटावर ठेवली, पुढच्या वेळी बघू म्हणून. बुधवारी कामावरून आले तर कपाटावर इस्त्री नव्हती.

"भंगारवाल्याक दिलंय," आई म्हणाली. "उगाच पडान होती."

"कोणाला विचारून दिलीस?"

"त्येत काय इचारूचा?"

आणि मी ओरडले. इतकी जोरात की मलाच माझा आवाज ओळखीचा वाटला नाही. तुला काय अक्कल आहे का, आम्ही तीन आठवडे मान मोडून बसलोय, तुला सगळंच टाकून द्यायचंय का, असं काय काय बोलले. वाटी उचलून आपटली. स्क्रू खाटेखाली, मोरीत, सगळीकडे उडाले. आई प्रथम बघत राहिली, मग तीही ओरडायला लागली, ज्या गोष्टी ती कधी बोलली नव्हती त्या सगळ्या बोलली. ओरडून माझा घसा दुखत होता. कढईतलं तेल तापून धूर यायला लागला होता, तो वास मला येत होता. खाटेवरून बाबा दोघींकडे आळीपाळीने बघत म्हणत होते, "नाय. नाय. नाय."